इकडचा भाव, तिकडचा भाव

(२०२४ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अर्थशास्त्रावर काहीतरी हलकंफुलकं बोला, असं सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, माझं शिक्षण डिप्लोमा इन कमर्शियल प्रॅक्टिस. म्हणजे टायपिंग, शॉर्टहँड आणि जमाखर्च. कॉलेजातले एखादे प्रोफेसर बोलवा की." तर ते म्हणाले, "प्रोफेसर मानधन घेतात." म्हणजे भाषण सुरू व्हायच्या आधीच अर्थशास्त्राचा पहिला नियम सिद्ध झाला. दोन मालांत स्वस्त असतो तो आधी उचलला जातो, प्रतीचा विचार मागून.

आणखी एक अडचण आधीच सांगून टाकतो. मी राज्य सरकारचा नोकर आहे. सीमाप्रश्नावर मी एक अक्षर बोलणार नाही, आमच्या सेवानियमात ते बसत नाही. सीमा कुठे असावी हे २००४ पासून सुप्रीम कोर्टापुढे आहे, तिथले वकील बघून घेतील. मी बोलणार आहे ते सीमा आज जिथे आहे तिथे भावाचं काय होतं आणि माणसाचं काय होतं, एवढ्यावरच. भावावर बोलायला अजून कुणी बंदी घातलेली नाही.

सुरुवात आपल्या मांडवापासूनच करू. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'सार्वजनिक वस्तू' नावाचं एक प्रकरण असतं. रस्त्यावरचा दिवा घ्या. एकाने पैसे दिले तरी उजेड सगळ्या गल्लीला पडतो. मग प्रत्येकजण म्हणतो, शेजाऱ्याने द्यावेत. याला इंग्रजीत फ्री रायडर म्हणतात, आपल्याकडे त्याला 'नंतर या' म्हणतात. आपला गणपतीही तसाच आहे. देखावा सगळं गाव बघतं, ढोल सगळ्यांच्या कानावर पडतो, वर्गणी मात्र ठरावीक घरांतून येते. मोठमोठ्या विद्वानांनी यावर जाडजाड ग्रंथ लिहिले. आपल्या मंडळांनी केव्हाच उपाय काढला आहे. देणगीदारांची नावं रकमेसकट स्मरणिकेत छापायची! शेजाऱ्याच्या नावापुढे एक हजार एक छापलेलं दिसलं की आपला हात आपोआप खिशात जातो. कायदा नाही, जप्ती नाही, नोटीस नाही. आमच्या खात्याची वसुली अशी झाली असती तर काय पाहिजे होतं!

आता मांडवाबाहेर हायवेला येऊ. बेळगावहून निपाणीमार्गे कोल्हापूरला निघालात की कोगनोळीच्या पुढे दूधगंगा लागते आणि कर्नाटक संपतं. नदीतल्या माशांना हे ठाऊक नाही. ट्रक ड्रायव्हरला मात्र पक्कं ठाऊक आहे. २०१७ साली जीएसटी आला, सगळ्या देशात एक कर झाला असं आपण म्हणतो, पण पेट्रोल, डिझेल आणि दारू या तिन्ही गोष्टी जीएसटीच्या बाहेर राहिल्या. त्यांच्यावर प्रत्येक राज्याचा आपापला कर. २०२४ पर्यंतची काही वर्षं इंधन आपल्या बाजूला स्वस्त होतं, म्हणून कोल्हापूरकडे जाणारा ट्रक नदी ओलांडायच्या आधीच टाकी भरून घ्यायचा. कागलकडचा मोटरसायकलवालाही निपाणीला काही काम काढून यायचा आणि जाताना टाकी फुल्ल करून जायचा. त्याला कुणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही. पाणी उताराकडे जातं आणि गिऱ्हाईक उतरलेल्या भावाकडे जातं.

तिसऱ्या वस्तूबद्दल गणपतीसमोर जास्त बोलत नाही. एवढंच म्हणतो की गोवा आपल्याला जवळ आहे, चोर्ला घाट तर फारच जवळ आहे, आणि घाटातून येणारी प्रत्येक बॅग फक्त काजूचीच असते असं अबकारी खात्याला वाटत नाही. यावरून ॲडम स्मिथची एक गोष्ट आठवते. अर्थशास्त्राचा मूळपुरुष म्हणतात तो हाच. १७७६ साली त्याने मोठा ग्रंथ लिहिला आणि व्यापारावरच्या बंधनांवर कडक टीका केली. दोनच वर्षांनी सरकारने त्याला कुठे नेमलं असेल? स्कॉटलंडच्या जकात खात्यात, कमिशनर म्हणून! कामावर रुजू झाल्यावर त्याने बंदी असलेल्या परदेशी मालाची यादी वाचली, मग स्वतःच्या कपड्यांची तपासणी केली, तर गळ्यातले रुमाल, झालरी, हातरुमाल, जवळजवळ सगळंच त्या यादीतलं. बिचाऱ्याने ते जाळून टाकलं. आणि एका स्नेह्याला पत्रातून कळवलं की तुम्ही स्वतःचं किंवा तुमच्या मिसेसचं सामान मात्र तपासायला जाऊ नका, नाहीतर तुम्हीही असेच अडकाल. सरकारी नोकराचं दुःख अडीचशे वर्षांत बदललेलं नाही, मंडळी. नियम लिहिणारा एक, पाळायला लावणारा दुसरा, आणि बॅग उघडली तर ती घरचीच निघते.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर अजून एक गोष्ट सांगतो. रिकार्डो नावाचा लंडनचा शेअर दलाल होता. त्याने १८१७ साली एक कोडं घातलं. पोर्तुगालला कापड आणि वाइन दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात करता येतात असं समजा. मग पोर्तुगालने इंग्लंडचं कापड कशाला घ्यावं? सोपं करून सांगतो. आपले सेक्रेटरी देखावाही सगळ्यांत चांगला करतात आणि वर्गणीही सगळ्यांत जास्त आणतात. म्हणून त्यांनी दोन्ही करायचं का? नाही. ते वर्गणी फिरत बसले तर देखावा राहील. म्हणून त्यांनी देखावा करावा आणि वर्गणीला आमच्यासारख्या मध्यम माणसांना पाठवावं. वर्गणी थोडी कमी येईल, पण गणपती वेळेवर बसेल. रिकार्डोचा सिद्धांत तो एवढाच.

त्याने उदाहरणाला पोर्तुगाल घेतला, आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचाच असलेला गोवा आपल्या उशाला आहे. बेळगावच्या शिवारातली भाजी घाट उतरून गोव्याला जाते, गोव्याची मासळी घाट चढून आपल्या बाजारात येते. गोवेकराने माडाच्या सावलीत कोबी लावायचा हट्ट धरला नाही आणि बेळगावकराने खंदकात बांगडे पाळायचं ठरवलं नाही, म्हणून दोघंही पोटभर जेवतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि घाटातल्या गाड्या थांबल्या, तेव्हा तिकडे भाजीला माणसं हवालदिल आणि इकडे कोबी शेतात उभा. एकाच कोबीपायी दोन घरांत रडारड. व्यापार म्हणजे काय हे त्या आठवड्यात ज्याला कळलं त्याला पुस्तक वाचायची गरज नाही.

पण मंडळी, इथे एक बारकाई आहे, आणि माझ्या भाषणात सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे. गाड्या थांबल्या तेव्हा सगळ्यांचं नुकसान सारखं झालं का? व्यापाऱ्याने दुसरा बाजार शोधला असेल. ट्रकवाला घरी बसला, पण त्याचा ट्रक कुजत नव्हता. कोबी मात्र कुजत होता, आणि ज्या जमिनीत तो होता ती उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती. भाव बदलला, कर बदलला, नियम बदलला की ज्याला हलता येतं तो हलतो आणि वाचतो. ज्याला हलता येत नाही त्याच्या अंगावर सगळं येऊन बसतं. पावती कुणाच्याही नावाने फाडा, पैसे शेवटी जागचं न हलणाऱ्याच्या खिशातून जातात.

उसाचं बघा. निपाणी, चिकोडी, कागल हा सगळा उसाचा पट्टा. बांध एका राज्यात, विहीर दुसऱ्या राज्यात असे शेतकरी इथे आहेत. सहकारी संस्थांसाठी तर बहुराज्य नावाचा २००२ चा वेगळा कायदाच आहे, सभासद दोन राज्यांत असले की तो लागतो. केंद्र सरकार एफआरपी ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती. पण एफआरपी हा तळ आहे. त्याच्यावर जे काही मिळतं ते दोन कारखाने एकाच फडाकडे बघायला लागले की मिळतं. आता उसाचा स्वभाव असा की तोड झाल्यावर तो थांबत नाही. दिवसभरात गाळला नाही तर वजन घटतं, साखर घटते. सोन्यासारखं पेटीत ठेवून भावाची वाट बघायची सोय नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी होता, ऊस कमी पडेल अशी धास्ती होती. महाराष्ट्र सरकारने आदेश काढला की ऊस परराज्यात न्यायचा नाही. कागदावर तो आदेश कारखान्यांच्या हिताचा होता, कुणाच्या विरोधात नव्हता. पण नदीकाठच्या शेतकऱ्याने त्याचा अर्थ एका मिनिटात लावला. दोन गिऱ्हाइकांतलं एक कमी झालं! नदीपलीकडच्या कारखान्याची चिमणी फडातून दिसते, पण तिकडे बैलगाडी न्यायची नाही. मग इकडचा कारखाना कशाला जास्त देईल? ओरड झाली, शेतकरी संघटना उठल्या आणि त्याच महिन्यात आदेश मागे घ्यावा लागला. इथे कुठलं राज्य चांगलं आणि कुठलं वाईट असा विषय नाही. उद्या आपलं सरकारही असा आदेश काढू शकतं, आणि तो टाईप करायची पाळी कदाचित माझ्यावर येईल. मुद्दा एवढाच की शेतकऱ्याच्या अंगातलं बळ दुसऱ्या गिऱ्हाइकात असतं. ते काढून घेतलं की त्याच्याकडे नुसता ऊस उरतो.

आता जरा गोड बोलू, कारण समोर भगिनीवर्ग मोठा आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बाईमाणसाला सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. त्याआधी १७ मार्चला महाराष्ट्राने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्या, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत आपल्याकडचं मोफत चालत नाही. म्हणून बेळगावची आत्या कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला कशी जाते? थेट गाडीत बसत नाही. निपाणीपर्यंत शून्याचं तिकीट, तिथे उतरून चहा, मग एसटी. त्यात दूधगंगेपर्यंत पूर्ण आकार आणि नदी ओलांडली की अर्धा. एका प्रवासात तीन दर! हे गणित ती पिशवी सांभाळत तोंडी करते आणि सी.ए. झालेल्या भाच्याला विचारते, "तू किती दिलेस रे?"

पुढची गंमत तुम्हाला माहीतच आहे. गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार, घरातल्या कर्त्या बाईच्या नावावर. मग कर्ती कोण, सासू की सून? इतकी वर्षं हा प्रश्न चुलीपाशी हळू आवाजात होता, सरकारने तो रेशन कार्डावर आणून ठेवला. पलीकडे जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला दीड हजार. निपाणीत दिलेली एक बहीण आणि कागलला दिलेली दुसरी, दोघी माहेरी भेटल्या की आता साडीच्या किमतीवरून नाही, हप्ता कुणाचा आधी जमा झाला यावरून बोलणं सुरू होतं. भाऊ मात्र दोघींनाही ओवाळणी घालतो, त्याला कुठल्याच सरकारची योजना नाही.

हे पैसे येतात कुठून, असं कुणीतरी विचारेलच. मी सरकारी नोकर, कारणमीमांसा करणार नाही. फक्त तारखा सांगतो. बसचं तिकीट शून्य झालं जून २०२३ मध्ये. आपल्याकडे पेट्रोल आणि डिझेल सुमारे तीन-तीन रुपयांनी महागलं जून २०२४ मध्ये. दोन्हींचा संबंध जोडायचा की नाही ते तुम्ही घरी जाताना गाडीला किक मारताना ठरवा. आत्याबाई पुढच्या सीटवर फुकट बसल्या आहेत आणि भाचा मागून मोटरसायकलवर त्यांचं तिकीट भरत येतो आहे, असंही चित्र काढता येईल.

तरी या शून्याच्या तिकिटाला मी हसणार नाही. ज्याला हलता येत नाही त्याच्यावर ओझं बसतं, असं मी मघाशी म्हटलं. मग हलण्याची ताकद देणं ही लहान गोष्ट नाही. जी बाई तिकिटाला पैसे नाहीत म्हणून गावातल्या एकाच मालकाकडे तो देईल त्या मजुरीवर जात होती, ती आता पंधरा किलोमीटरवर दुसरं काम बघून येऊ शकते. तिला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. उसाच्या शेतकऱ्याला जे नदीपलीकडच्या कारखान्याने मिळतं, ते तिला बसने मिळालं.

हे मी इतक्या जोर देऊन का सांगतो? कारण मी मूळ निपाणीकडचा, आणि निपाणीला 'दुसरं गिऱ्हाईक नाही' याचा अर्थ फार महाग पडून कळलेला आहे.

आपला तंबाखू विडीचा. पावसाळ्यात लावायचा, थंडीत तोडायचा, शेतातच उन्हात वाळवायचा, मग वखारीत न्यायचा. पिढ्यान्पिढ्या तंबाखूच्या पानावर केंद्र सरकारची अबकारी होती. भाव विचारला की व्यापारी म्हणायचा, करच इतका आहे, तुला काय देऊ? १९७९ साली पानावरची ती अबकारी उठली. साध्या हिशेबाने शेतकऱ्याचा भाव वाढायला पाहिजे होता. पण घेणारे मोजके, माल उधारीवर जायचा, वजनात घट धरायची, पैसे कधी येतील ते सांगता यायचं नाही. दारात आलेला व्यापारी परत गेला तर मागे दुसरा नाही. कर गेला तरी त्याचा फायदा शेतकऱ्याच्या दारापर्यंत चालत येत नाही, मधे कुणीतरी उभा असतो.

मग १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी पुणे-बेंगळुरू हायवेवर येऊन बसले. पुढे होते शरद जोशी. तेही एके काळचे सरकारी नोकर बरं का, पोस्ट खात्यातले, स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेले. तीन आठवड्यांहून जास्त दिवस निपाणीचा हायवे हेच हजारो माणसांचं घर झालं. जे कधी हलू शकले नव्हते त्यांनी रस्ताच हलू द्यायचा नाही असं ठरवलं. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. मागणी काय होती? तंबाखूला भाव. इथे माझं हलकंफुलकं थांबतं, मंडळी. भावाच्या दोन आकड्यांमधला फरक कधीकधी माणसाच्या जिवाएवढा असतो.

आणि वखारीत बसून तंबाखू चाळणाऱ्या बाया? त्या धुळीत दिवसभर बसायचं, नाकातोंडात पूड, संध्याकाळी हातावर मोजकी मजुरी. त्यांनीही त्याच काळात संघटना बांधली, संप केले. 'युगांतर' या स्त्रीवादी गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. पुढे २०१७ च्या जीएसटीत विडीवर २८ टक्के कर बसला. तंबाखू वाईटच, त्याची वकिली मी करत नाही. माझ्या घरात कुणी ओढलेलं मला चालणार नाही. पण सरकारने विडी कमी करायची ठरवली की विडीवाला भांडवल उचलून दुसऱ्या धंद्यात जातो. ज्याच्या शेताला पाणी आलं तो उसाकडे वळतो. साठ वर्षांची, शाळा न बघितलेली, चाळण्याशिवाय दुसरं काम न केलेली वखारीतली बाई कुठे वळणार? कर विडीवर लागतो आणि जाऊन बसतो तिच्यावर. धोरण योग्य असेल तरी त्याचा हिशेब पुरा होण्यासाठी तिच्यासाठी काय केलं तेही लिहावं लागतं. जमाखर्चात आम्हाला हेच शिकवलं. एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूला करावीच लागते.

म्हणून माझं सांगणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी बेंगळुरूहून, मुंबईहून किंवा दिल्लीहून एखादी योजना आली, कर आला, बंदी आली, तर पहिला प्रश्न 'मला काय मिळणार' हा विचारा, त्यात लाज नाही. पण दुसरा प्रश्न हाही विचारा, की यात हलता न येणारा कोण आहे? त्याला दुसरं गिऱ्हाईक, दुसरं काम, दुसरा रस्ता आहे का?

तोच प्रश्न आपल्या गल्लीलाही विचारावा. या मांडवात आज जी तरुण मुलं दिसताहेत, त्यांतली निम्मी पुण्याची आणि बेंगळुरूची आहेत, गणपतीपुरती आली आहेत. ती हलली, चांगलं झालं. निपाणीची मुलं चालत हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाऊन शिकतात, तेही चांगलंच. ज्याला मराठीबरोबर कन्नडही नीट येतं त्याला दोन बाजार उघडे आहेत, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवाने सांगतो. पण अनंत चतुर्दशीनंतर गाड्या परत गेल्या की गल्लीत कोण उरतं ते बघा. म्हातारे आईवडील, लहान दुकानदार, कोपऱ्यावरचा शिंपी. न हलणारी माणसं तीच. त्यांचा दवाखाना, त्यांचं रेशन, त्यांचा पाण्याचा टँकर याकडे आपलं मंडळ वर्षभर लक्ष ठेवील तर वर्गणीचा उरलेला पैसा योग्य ठिकाणी लागेल. खजिनदारांनी रागावू नये, उरलेलाच म्हणालो.

प्रसादाचा वास यायला लागला आहे. मोदक एकवीस आणि माणसं दोनशे, म्हणजे टंचाईचं अर्थशास्त्र तुम्ही आता प्रत्यक्षच बघणार आहात. 

गणपती बाप्पा मोरया!